जळक्या तारांची खुंटी

परतवाड्याच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात, कार्यशाळेच्या दारासमोरच्या भिंतीवर एक खुंटी होती. विद्यार्थ्याने बांधलेली मोटर चाचणीच्या वेळी जळली, की तिच्यातली काळी पडलेली तार उपसून त्या खुंटीवर टांगायची आणि तिला त्याच्या नावाची चिठ्ठी बांधायची, असा नियम होता. चिठ्ठीवर नावाखाली मी एक मथळा लिहीत असे. पुढे त्याच विद्यार्थ्याची मोटर नीट चालली, की त्याने स्वतःच्या हाताने आपली तार खाली काढायची. त्या दिवशी तो सगळ्यांना चहा पाजत असे. नियम माझा होता आणि नोकरीच्या बहुतेक काळात मला त्याचा अभिमान होता.

मोबाईलवरचे धडे शिक्षकाची जागा घेऊ शकतील का, असा प्रश्न या अंकासाठी मला घालण्यात आला आहे. त्याचे सर्वसाधारण उत्तर माझ्याकडे नाही. परतवाड्याच्या एका दुकानात काय घडले ते मला माहीत आहे. तेवढेच लिहितो.

मोटर बांधणे म्हणजे काय, ते बाहेरच्यांसाठी आधी सांगायला हवे. पंपाची मोटर उघडली की आत लोखंडी पत्र्यांचे जाड कडे दिसते. त्याला आतल्या बाजूने खाचा असतात. खाचांत कागद बसवून त्यांत तांब्याच्या तारेचे वेढे भरतात. ही तार उघडी वाटते, पण तिच्यावर वार्निशचा पातळ थर असतो. तो भरताना कुठे खरवडला गेला तर शेजारचे वेढे एकमेकांना टेकतात आणि मोटर जळते. व्होल्टेज कमी पडले किंवा तीनपैकी एक फेज गेला तरी जळते. जळालेली तार काढून नवी भरणे, जोडणी करणे, वार्निश पाजून सुकवणे, या सगळ्याला मिळून आमच्याकडे मोटर बांधणे म्हणतात.

ज्या वर्षांबद्दल लिहितो आहे त्या वर्षांत अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत मोटरी फार जळत. विहिरींचे पाणी खाली गेले होते. वीज ठरावीक वेळी आणि अशक्त येई, आणि ती आली की शिवारातले सगळे पंप एकदम सुरू होत. कापूस आणि सोयाबीन हाती काय ठेवतील याचा कोणाला भरवसा नव्हता. मोटर बांधणाऱ्याच्या दुकानापुढे मात्र गर्दी असे. मोर्शीकडचा एक जण मोटर मोटारसायकलवर मागच्या सीटवर बसवून, दुपट्ट्याने स्वतःच्या कमरेला आवळून आणत असे. "माह्या बायकोनं एवढं घट्ट कदी धरलं नाही," असे तो उतरता उतरता सांगे. शेतीतून बाहेरची वाट शोधणारी मुले आमच्या केंद्रात येत, ती हे सगळे पाहूनच. शेतीवर भागत नाही, पण शेतीची मोटर तर जळणारच, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मी दिवसा केंद्रात निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो आणि संध्याकाळी अमरावतीच्या एका दैनिकाचा बातमीदार. वीजतंत्रीची पदविका घेऊन नोकरी मिळत नव्हती, तेव्हा तरुणपणी त्याच दैनिकाच्या कचेरीत मी काही काळ काढला होता. तिथले मुख्य उपसंपादक चुकलेली बातमी लाल शाईने रंगवून दारासमोरच्या फळ्यावर टोचत. येणारा-जाणारा वाचून हसे. माझी एक बातमी तिथे बरेच दिवस होती. अपघातात पहिल्या परिच्छेदात मेलेल्या इसमाला मी तिसऱ्या परिच्छेदात पोलिसांना जबाब द्यायला लावले होते. चहावालाही मला विचारी, "तुमचा मुडदा अजून बोलून राहिला का, साहेब?" ती चूक मी पुन्हा केली नाही. चूक चारचौघांत टांगली की सुटते, असा निष्कर्ष मी त्यातून काढला. त्या फळ्यामुळे ज्यांनी कचेरी सोडली त्यांना काय वाटते, हे विचारण्याची सोय नव्हती. ते कचेरीत नव्हते.

पहिली खुंटी मी बार्शीटाकळीच्या केंद्रात ठोकली. तिथल्या गजानन नावाच्या मुलाची मोटर चाचणीत एवढा आवाज करून जळली की शेजारच्या गिरणीतली माणसे पळत आली. त्याच्या चिठ्ठीवर मी लिहिले, 'बार्शीटाकळीत दिवाळीपूर्वीच आतषबाजी'. गजानन स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसला. पुढच्या मोटरीला त्याने आपली तार काढली, चहा पाजला आणि काही काळाने अकोल्याला दुकान टाकले. मी एकदा पाहायला गेलो. दुकानात खुंटी होती.

"सर, म्या बी ठोकली," तो म्हणाला. "पोट्टे वचकून रायतात."

हा किस्सा मी पुढे अनेक वर्षे भाषणांत सांगितला. टाळ्या मिळत.

नसीमबाई परतवाड्याच्या केंद्रात आल्या तेव्हा वर्गात सगळे पुरुष होते, बहुतेक त्यांच्या निम्म्या वयाचे. त्यांचे पती रफिकभाई बाजारात मोटरी बांधत. धंद्यात नाव होते. त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणेही गेले. दुकानाचे शटर खाली आले. दीर म्हणत होता, जागा मोबाईलवाल्याला भाड्याने देऊन टाकू, बसून भाडे खा.

"मले भाडं नाही पाह्यजे, सर," नसीमबाईंनी प्रवेशाच्या दिवशी सांगितले. "आमच्या ह्यायनं सारी जिंदगी त्या दुकानात घातली. संत्र्याच्या पान्याचा टाइम येतपर्यंत मले शिकवा. तवा गिऱ्हाईक आलं तं आलं. नाही तं दीर शटर देऊन टाकते."

त्यांचा हात चांगला होता. वेढे सारखे येत, कागद कापणे स्वच्छ होते. विचारीत मात्र काही नसत. अडले की हात थांबे आणि त्या शेजाऱ्याच्या टेबलाकडे तिरक्या नजरेने पाहत. मी ते पाहिले होते. प्रश्न न विचारणारा विद्यार्थी म्हणजे कळलेला विद्यार्थी, असे मी धरून चालत असे.

त्यांची पहिली मोटर चाचणीला लावली आणि धूर आला. तार उपसून मी भिंगाखाली धरली. वार्निश एका बाजूने ओळीत खरवडलेले होते. मी त्यांच्या मनगटांकडे पाहिले. तार खाचेत सारताना हातातल्या बांगड्या तिच्यावर घासत होत्या. कारण अचूक सापडले होते, आणि अचूक कारण सापडले की माझ्या तोंडाला धार येत असे.

"नसीमबाई," मी म्हणालो, "तुम्ही मोटर भरून राहिल्या होत्या का बांगड्या?"

वर्ग हसला. मागून कोणी म्हणाले, "काकू, मोटरीले मेंदी बी लावा." पुन्हा हसू झाले. मी चिठ्ठी लिहिली, 'बांगड्या शाबूत, मोटर खाक', आणि तार खुंटीवर टांगली. त्यांनी टेबल पुसले, हत्यारे जागच्या जागी ठेवली आणि वेळ संपेपर्यंत थांबल्या. दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. हजेरीपटावर नाव राहिले. त्यांची तारही राहिली, कारण नियमानुसार ती त्यांनीच काढायची होती.

याच सुमारास आमची केंद्रे चालवणाऱ्या संस्थेने बाहेरून तयार धडे विकत घेतले. धडे हिंदीत होते. एक मध्यमवयीन माणूस टेबलाशी बसून हळूहळू मोटर बांधे आणि बोलत जाई. चेहरा क्वचित दिसे, हातच दिसत. हजेरीपटावर नाव असलेल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर ते पाठवले गेले. अकोल्याच्या संचालकांनी मला बोलावून सांगितले की धड्यांनी काम भागत असेल तर केंद्रांमध्ये निदेशकांची गरज राहणार नाही, एक देखरेख करणारा पुरेल. "तुम्ही बातमीदार आहात. पाहा आणि लिहून द्या. बाजू घेऊ नका."

मी बाजू घेऊनच कामाला लागलो. जागा माझी आणि माझ्या सहकाऱ्यांची जाणार होती. धडे निकामी आहेत असे दाखवणारी उदाहरणे मी शोधू लागलो, आणि पहिले उदाहरण संचालकांनीच फोनवर दिले.

"तुमच्या केंद्रात नसीम कोण आहे? सगळ्या जिल्ह्यांत सर्वांत जास्त धडे तिने पाहिलेत. सध्या तर एकच धडा, जोडणीचा, पुन्हा पुन्हा चालू आहे."

"ती बाई वर्ग सोडून गेली," मी सांगितले. मनात बातमी तयार झाली होती. एकच धडा पुन्हा पुन्हा पाहते, म्हणजे तिला समजत नाही. समजत नाही, कारण समोर माणूस नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी रफिकभाईंच्या दुकानावर गेलो.

शटर वर होते. आत एका बाकड्यावर रफिकभाई भिंतीला टेकून बसले होते. जमिनीवर विहिरीतल्या पंपाची मोटर उघडून ठेवली होती. नसीमबाई तिच्यापुढे छिन्नी घेऊन बसल्या होत्या. मनगटांपासून कोपरापर्यंत जुन्या ओढणीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. बांगड्या वार्निशच्या रिकाम्या डब्यात होत्या. दुसऱ्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता आणि त्यातून तो माणूस सांगत होता, "गलती हो गई तो कोई बात नहीं। चलिए, फिर से करते हैं।"

दारात वसंतराव उभे होते. संत्र्याची बाग असलेले, परतवाड्याजवळच्याच गावचे. मला त्यांनी बातमीदार म्हणून ओळखले आणि साक्षीदार मिळाल्यासारखे बोलू लागले.

"बरं झालं आले, सर. लिहा पेपरात. रफिकभाईचं नाव पाहून मोटर टाकली. वैनीनं बांधून देली. विहिरीत सोडली तं मोटर फिरते, आवाज देते, पन पानी पोट्ट्याच्या धारेवानी येते. काढली. वैनीनं सारी सोलून पुन्हा बांधली. पुन्हा तेच. आनखी एकदा सोलून बांधली. पुन्हा तेच. आता तिसऱ्या खेपेले उपसून आनली. विहिरीवर घोडा लावा, मानसं बोलवा, दोर लावा, हे काय खेळ हाय का? बाग माही पान्यावाचून फुलं गाळून राहिली."

"दादा, आज पाहते न मी," नसीमबाई खाली पाहून म्हणाल्या.

"पाहा. आज नाही झालं तं मी अचलपूरले नेतो. अन् कोन इचारलं तं सांगीन, बाईच्या हातची मोटर हाय म्हनून."

त्या गावातले सगळे बागवाले एकमेकांचे ऐकून दुकान ठरवतात. वसंतरावांनी तसे सांगितले असते तर हंगाम तिथेच संपला असता, आणि शटरही. हे दुकानातल्या चौघांनाही माहीत होते.

रफिकभाई डाव्या हाताची दोन बोटे एकावर एक चढवत होते. सोडत आणि पुन्हा चढवत. माझ्याकडे पाहून त्यांनी ते अधिक जोराने केले.

"पयल्या दिवसापासून असंच करून राहिले," नसीमबाई म्हणाल्या. "मले वाटलं, आत तारेवर तार चढली म्हनून सांगतात. म्हनून सारी सोलली. दोन्ही खेपेले."

मी वसंतरावांना विचारले, "पाणी अजिबात येत नाही, का कमी येते?"

"सांगतलं न. कमी."

"मोटर तापते?"

"नाही."

"स्टार्टरला तारा कोणी जोडल्या?"

"म्या. जशा होत्या तशाच. माह्या बापाच्या हातचं कनेक्शन हाय ते. त्याले कोनी हात लावत नाही."

उत्तर मला तिथेच मिळाले होते. तीन फेजची मोटर दोन्ही दिशांना फिरू शकते. नव्याने बांधल्यावर बाहेर काढलेल्या तीन तारांचा क्रम बदलला तर ती उलटी फिरते. पंप उलटा फिरला तरी थोडे पाणी देतो, म्हणून लोकांना वाटते की बांधणीतच दोष आहे. मोटर विहिरीच्या तळाशी असल्याने कोणती बाजू फिरते ते दिसत नाही. उपाय एवढाच, की तीनपैकी कोणत्याही दोन तारांची जागा बदलायची. दोन बोटे एकावर एक. हा धडा मी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या आठवड्यात, मुलांना एका विहिरीवर नेऊन देत असे. नसीमबाई तोपर्यंत राहिल्या नव्हत्या. मोबाईलवरच्या माणसाची मोटर टेबलावर फिरली की त्याचा धडा संपत होता. टेबलावर उलटी आणि सुलटी सारखीच दिसते.

आणि त्या क्षणी माझ्या जिभेवर मथळा आला. तो इथे लिहीत नाही. मी तो बोललो नाही, पण तो चेहऱ्यावर आला असणार, कारण नसीमबाईंनी छिन्नी खाली ठेवली आणि माझ्याकडे सरळ पाहिले. वर्गात त्यांनी कधी तसे पाहिले नव्हते.

"बोला न, सर," त्या म्हणाल्या. "तयार हाय मी. म्हनान तं पयले मीच हासते."

वसंतरावांना काही कळले नाही. मी म्हणालो, "मोटर सोलू नका. आहे तशी बंद करा. आपण विहिरीवर जाऊ."

विहिरीवर मोटर उपसण्याची तिपाई, म्हणजे तो घोडा, उभाच होता. माणसांनी मोटर दोराने पुन्हा खाली सोडली. वसंतराव स्टार्टरच्या पेटीसमोर आडवे उभे राहिले आणि बापाच्या हाताबद्दल पुन्हा बोलले. मी त्यांना सांगितले की बापाने जोडले तेव्हा आतली तार वेगळी होती. मेन बंद करून मी बाजूला झालो आणि पकड नसीमबाईंच्या हाती दिली.

"कोनत्या दोन?" त्यांनी विचारले.

"कोणत्याही दोन."

"कोनत्या बी?"

"हो."

त्यांनी दोन तारा सोडवल्या, जागा बदलल्या, आवळल्या. बटण दाबले. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, आणि मग हौदाच्या पलीकडच्या भिंतीवर आदळेल अशी धार लागली. वसंतराव हौदात हात घालून उभे राहिले.

"म्हंजे," ते म्हणाले, "वैनीची बांधनी बरोबरच होती?"

"पहिल्या खेपेपासून."

"मंग दोनदा सोलली कावून?"

नसीमबाई आमच्यापासून दूर, हौदाच्या काठावर बसल्या होत्या. मनगटांच्या पट्ट्या सोडत होत्या. मी जवळ गेलो आणि विचारले की पहिल्यांदा पाणी कमी आले तेव्हा केंद्रात का नाही आलात. प्रश्न बातमीदाराच्या आवाजात विचारला गेला.

"आलती," त्या म्हणाल्या. "मोटर ढकलगाडीवर घालून आनली. तुमचा वर्ग चालू होता. दारातून आत पाह्यलं तं समोर खुंटी. माही चिठ्ठी तितंच. म्हनलं, आता ही बी तार घेऊन गेली तं तितं जागा बी नाही."

"मी तुम्हाला पाहिलं नाही."

"तुमी फळ्याकडे होते. पोट्टे हासून राहिले होते कायले तरी. मी गाडी वापस फिरवली."

नंतर त्यांनी मोबाईलवरच्या माणसाला प्रश्न विचारला होता. धड्याखाली लिहिण्याची जागा असते, तिथे हिंदीत लिहिले होते की पानी कम आता है. उत्तर आले नाही. तो माणूस कुठे राहतो, जिवंत आहे की नाही, हेही कोणाला माहीत नव्हते. म्हणून तोच धडा पुन्हा लावून त्या पाहत राहिल्या, की आपल्या हातून काय निराळे होते ते कुठे दिसेल.

"पन तो मानूस हासत नाही, सर," त्या म्हणाल्या. "दहा खेपा पाहा, तो दहा खेपा तसाच सांगते. मी त्याच्यापाशीच शिकली." मग, मला बरे वाटावे म्हणून की काय, त्यांनी पुढे जोडले, "बांगड्याचं मात्र त्याच्यात नाही. तो गडी मानूस, त्याले काय समजते. ते तुमीच शिकवलं."

मला त्याने बरे वाटले नाही.

परतताना बस स्टँडपाशी त्या थांबल्या. "सर, ती तार हाय का अजून?"

"आहे," मी म्हणालो. त्याच सकाळी कार्यशाळेचे दार उघडले तेव्हा ती समोरच होती. "आता तुमची मोटर चालली. नियमानं ती तुम्हीच काढायची. या उद्या."

"नाही, सर. मी तितं नाही येत."

त्या संध्याकाळी कार्यशाळा रिकामी झाल्यावर मी खुंटीसमोर उभा राहिलो. जे शिकून गेले त्यांच्या तारा त्यांनी नेल्या होत्या. वर राहिल्या होत्या त्या सोडून गेलेल्यांच्या. तारांचा चांगला जाड घोस झाला होता. तो मी रोज पाहत होतो आणि त्याला आळशांची यादी म्हणत होतो. पाहुण्यांनाही दाखवत होतो. चिठ्ठ्या मी एकेक वाचल्या. मथळे चांगले होते. त्यांतल्या एकाही माणसाकडे, तो का आला नाही, हे विचारायला मी गेलो नव्हतो. बातमी म्हणून पाठवले असते तर डेस्कने हेच विचारले असते, की दुसरी बाजू कुठे आहे?

सगळ्या तारा मी उतरवल्या. खुंटी भिंतीतून निघाली नाही. ती कापावी लागली.

संचालकांना मी अहवाल दिला. त्यात लिहिले की धड्यांमुळे विद्यार्थिनी मोटर बांधायला शिकली. धड्यांनी तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. उत्तर देऊ शकणारा निदेशक तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता, आणि त्याच्या उपहासाच्या भीतीने ती दारातून परत गेली. त्यामुळे चांगली बांधलेली मोटर दोनदा सोलली गेली आणि एका बागेचा बहार काही अंशी गळाला.

संचालकांचा फोन आला. "ते उपहासाचं वाक्य काढून टाकू का? निदेशकांच्या बाजूनं अहवाल एकदम मजबूत होतो."

मी राहू द्या म्हणालो. त्यांनी ते ठेवले की नाही, मला माहीत नाही. जागा काही वर्षे टिकल्या, पुढे निम्म्या गेल्या. माझी माझ्या निवृत्तीपर्यंत होती. अकोल्याला गजाननला मी सगळे सांगितले आणि खुंटी काढ म्हणालो. तो हसला. "सर, तुमी म्हातारे झाले," म्हणाला. त्याच्या दुकानात ती अजून आहे.

नसीमबाईंची तार मी दुसऱ्या दिवशी सकाळी कागदात गुंडाळून दुकानावर नेली. चिठ्ठी काढावी की ठेवावी हे ठरले नव्हते, म्हणून ती तशीच होती. दुकानात वसंतरावांच्या गावचे दोन बागवाले मोटरी घेऊन बसले होते. रफिकभाई बाकड्यावर होते. नसीमबाईंनी कागद सोडला, चिठ्ठीचा दोरा कात्रीने कापला, चिठ्ठी न वाचता चुरगाळून टाकली आणि तार भंगाराच्या पोत्यात घातली.

"घ्या," त्या रफिकभाईंना म्हणाल्या, "आपलं तांबं वापस आलं."

मी निघालो. पायरी उतरलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. हातातले तारेचे वेढे घेऊन त्या दारापर्यंत आल्या. गिऱ्हाइकांकडे एकदा मागे वळून पाहिले आणि त्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या बारीक आवाजात म्हणाल्या,

"सर, एक इचारू? हासान तं नाही?"